शंभर मीटरच्या आतली माणसं

माझा मामा पुण्यात कसबा पेठेत एका वाड्यात भाड्याने राहतो. वाड्याने शंभरी कधीच ओलांडली आहे. माडीवरच्या खिडकीतून शनिवारवाड्याच्या तटाचा एक बुरूज दिसतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्या खिडकीवरून भांडायचो, कारण तिथे वारा यायचा आणि बुरूजही तिथूनच दिसायचा.

तीन वर्षांपूर्वी मी मामाकडे जेवायला गेले होते. बोलता बोलता सांगितलं, की ऐतिहासिक स्मारकांभोवतीच्या बांधकामबंदीत कसलीही सूट देऊ नये, अशा एका निवेदनावर मी सही केली आहे. मामा काहीच बोलला नाही. ताक पिऊन झाल्यावर हात धुतले आणि मला माडीवर घेऊन गेला. तुळईखाली दोन लोखंडी टेकू लावलेले होते. तुळई भिंतीत शिरते तिथे वाळवीने लाकडाचा भुगा केला होता. "अगं, ही बदलायची तर कुणाला विचारायचं, ते तुझ्या त्या कागदात लिहिलंय का?" एवढंच त्याने विचारलं.

ते लिहिलेलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. सही करताना मी ज्या कायद्याची बाजू घेतली होती, तो मी वाचलाच नव्हता. वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून 'शंभर मीटर' हा शब्द तेवढा माहीत होता. त्या दिवशी घरी येऊन कायदा उघडला, आणि पुढच्या तीन वर्षांत ज्या ज्या जुन्या शहरात गेले तिथे हा प्रश्न सोबत घेऊन गेले. जे उमगलं ते इथे सांगते.

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी 1730 च्या जानेवारीत घातला. 1828 च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला. आज उरलंय ते जोतं, तट, बुरूज आणि पाच दरवाजे. हे स्मारक केंद्र सरकारच्या, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत आणि त्या सगळ्यांना 1958 चा एक कायदा लागू आहे. गावातलं एखादं जुनं देऊळ किंवा महापालिकेच्या वारसा यादीतला वाडा या कायद्याखाली येत नाही. त्यांचे नियम वेगळे असतात, आणि बरेच वाद या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळेच पेटतात.

1958 च्या मूळ कायद्यात शंभर मीटर कुठेच नव्हते. ते आले 16 जून 1992 च्या अधिसूचनेने. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत 'प्रतिषिद्ध क्षेत्र', म्हणजे तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे 200 मीटर 'विनियमित क्षेत्र', तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. म्हणजे एकूण 300 मीटर. मोजणी स्मारकाच्या भिंतीपासून होत नाही, संरक्षित म्हणून नोंदलेल्या जागेच्या कडेपासून होते. ती कड नकाशावर कुठे आहे, यावर कुणाचं घर आत आणि कुणाचं बाहेर हे ठरतं. मामाच्या दारापासून तटापर्यंत मी चालून पाहिलं. चौऱ्याऐंशी पावलं झाली, म्हणजे फार तर साठ-पासष्ट मीटर. मामा पूर्ण आत.

पुढे काही वर्षं एक तज्ज्ञ समिती शंभर मीटरच्या आतही काही बांधकामांना परवानगी देत असे. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की असा अधिकार तिला नव्हताच. मग जुन्या परवानग्यांचं काय, असा पेच आला. त्यातून 2010 ची दुरुस्ती झाली. आधीच्या परवानग्या वैध धरल्या गेल्या, 100 आणि 200 मीटर थेट कायद्यात आले, आणि अर्ज तपासायला राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नेमलं गेलं. शंभर मीटरच्या आत सार्वजनिक प्रकल्पांनाही वाट उरली नाही. पुण्यात वनाझ ते रामवाडी मेट्रो आगाखान पॅलेससमोरून, नगर रस्त्याने सरळ जायची होती. ती कल्याणीनगरमार्गे वळवावी लागली, ती याच तरतुदीमुळे. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मामाच्या प्रश्नाचं उत्तर मला कायद्यातल्या तीन शब्दांत सापडलं: बांधकाम, पुनर्बांधकाम आणि दुरुस्ती. रोजच्या बोलण्यात आपण हे शब्द सैल वापरतो. कायद्यात त्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत.

बांधकाम म्हणजे नवी इमारत उभी करणं, किंवा असलेल्या इमारतीला उभी-आडवी वाढ देणं. एक खोली वाढवली, एक मजला चढवला, तरी ते बांधकाम. पुनर्बांधकाम म्हणजे पूर्वी जेवढी इमारत होती तेवढीच, त्याच लांबी-रुंदी-उंचीत, पुन्हा उभी करणं. दुरुस्ती म्हणजे उभ्या असलेल्या इमारतीत बदल: कुजलेली तुळई काढून नवी घालणं, कौलं बदलणं, भिंतीचा पडलेला भाग भरून काढणं. यात वाढही नाही आणि पाडून नवं करणंही नाही.

पुढच्या 200 मीटरच्या पट्ट्यात या तिन्हींसाठी परवानगी मागता येते. आतल्या 100 मीटरमध्ये फक्त तिसऱ्यासाठी, तेही घर 16 जून 1992 च्या आधीचं असेल किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेलं असेल तर. म्हणजे वाडा उभा आहे तोवर तो दुरुस्त करायची सोय आहे. पडला तर तेवढाच, त्याच जागी, पुन्हा बांधायचीही सोय नाही.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले. पेठेत मी लहानपणापासून ऐकत आले होते, की 'इथे काहीच करता येत नाही, एक खिळासुद्धा ठोकता येत नाही.' ते खरं नव्हतं. आमच्या वारसाप्रेमी मंडळीत ऐकलं होतं, की 'दुरुस्तीला कुणी अडवलंय? लोकांना टॉवर बांधायचेत म्हणून ओरड आहे.' तेही पुरतं खरं नव्हतं. मातीच्या भिंती आणि सागवानी सांगाडा असलेल्या घरात दुरुस्ती कुठे संपते आणि पुनर्बांधकाम कुठे सुरू होतं? एक तुळई बदलायला काढली की तिच्यावरचे कडीपाट, म्हणजे आडव्या कड्या आणि त्यांवरच्या फळ्या, उतरवावे लागतात. कडीपाट उतरले की भिंतीचा वरचा थर ढासळतो. मोकळी झालेली भिंत बाहेर झुकते. गवंड्याच्या दृष्टीने हे सगळं एकच काम आहे. अर्जावर मात्र एक शब्द लिहायचा असतो.

अर्जाचा मार्ग कागदावर सोपा आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, तिथून 15 दिवसांत तो राष्ट्रीय प्राधिकरणाकडे, त्यांनी 2 महिन्यांत मत द्यायचं, मग महिन्याभरात अर्जदाराला उत्तर. सोबत मालकीची कागदपत्रं, नकाशे, छायाचित्रं. इथे भाडेकरूचा पाय अडकतो. मालकीचे कागद मालकाकडे, आणि मालकाला या घरातून मिळतं काय? मुंबई प्रांतात 1947 मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, त्याची जागा पुढे 1999 च्या राज्य कायद्याने घेतली. मामाचं महिन्याचं भाडं दोन माणसांच्या एका वेळच्या जेवणाइतकं. त्या भाड्यात मालकाने सागवान आणायचं कुठून? इतर पेठांतल्या मालकाला निदान बिल्डर सापडतो: वाडा पाडायचा, भाडेकरूंना फ्लॅट द्यायचे, वरचे विकायचे. शंभर मीटरच्या आत ती वाट बंद, म्हणून तिथे कुणी गुंतवणूकदार फिरकत नाही. मालक थांबतो, भाडेकरू थांबतो आणि वाळवीचं काम चालू राहतं. पावसाळ्याच्या तोंडावर अशा वाड्यांना धोकादायक इमारतीची नोटीस येते. घर खाली करून पाडलं, तर पुन्हा उभं करायची परवानगी नाही. म्हणून कुणी खाली करत नाही.

मामी एकदा म्हणाली, "पानशेतच्या पाण्याने जे नेलं नाही ते असं बसल्या बसल्या जातंय." 12 जुलै 1961 च्या पुरात नदीकाठच्या पेठांतले किती वाडे बसले ते तिच्या सासूबाई सांगायच्या. हा वाडा तेव्हा टिकला.

असं असूनही नियमाची दुसरी बाजू मी सोडून दिलेली नाही. ती बाजू पक्की झाली विजयपूरला. गोल घुमटाच्या आवारातून बाहेर पडून मी जुन्या शहरात पायी फिरले. असर महाल, गगन महाल, बारा कमान, जामा मशीद, मेहतर महाल. एका स्मारकाच्या शंभर मीटरमधून निघावं तोवर दुसऱ्याचे शंभर मीटर सुरू. मध्ये घरं, दुकानं, चक्क्या, शाळा. तिथे आदिलशाही शहराचा आकार अजून डोळ्यांना दिसतो, रस्त्याच्या टोकाला कमान उभी राहते आणि तिच्यामागे दहा मजली काही नसतं. हे आपोआप झालेलं नाही. शेजारी खोल पाया खणला की जुन्या दगडी पायाखालची माती सरकते, बोअर घेतले की भूजल बदलतं, पावसाच्या पाण्याचा निचरा फिरतो. 2013 मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सांगितलं, की प्रत्यक्ष तपासलेल्या 1,655 संरक्षित स्मारकांपैकी 92 जागेवर सापडलीच नाहीत. कायदा असताना ही गत. कायदा सैल केला की काय होईल, याची भीती बाळगणाऱ्यांना मी भाबडं म्हणणार नाही.

माझी तक्रार सगळ्यांना एकच माप लावण्याबद्दल आहे. जुन्या हमरस्त्यांवरचे कोस मिनार, म्हणजे मैलाच्या दगडासारखे मोगलकालीन मनोरे, संरक्षित स्मारकं आहेत. एका मनोऱ्याभोवती 100 मीटरचं वर्तुळ काढलं तर साधारण पावणेआठ एकर होतात. 300 मीटरचं काढलं तर सत्तर एकर. शेतातल्या मनोऱ्याला, डोंगरावरच्या लेण्याला आणि भर पेठेतल्या वाड्याला तेच माप. प्रत्येक स्मारकाची प्रतवारी करावी आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी बनवावेत, असं 2010 च्या दुरुस्तीतच लिहिलेलं आहे. उपविधी म्हणजे त्या त्या परिसराचे बारकावे: उंची किती, छप्पर कसं, रंग कोणता, निचरा कुठून. ते काम फार मागे पडलं. आणि प्रतवारी झाली तरी कायद्याप्रमाणे 100 मीटर वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. केंद्राच्या सार्वजनिक कामांना सूट देणारं एक विधेयक 2018 च्या जानेवारीत लोकसभेने मंजूर केलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यातही मामासारख्यांच्या घराबद्दल काही नव्हतं. सवलत मागितली गेली ती रस्ते आणि पुलांसाठी.

हंपीला गेले तेव्हा मी वेगळ्याच गोष्टीने हादरले. विरूपाक्ष मंदिरासमोरचा पाऊण किलोमीटरचा बाजार आता मोकळा आहे. दोन्ही बाजूंना दगडी खांबांचे मंडप, स्वच्छ, रिकामे. छायाचित्र फार सुंदर येतं. 2011 च्या जुलैपर्यंत या मंडपांत माणसं राहत होती. भिंती घालून घरं केली होती, खानावळी होत्या, चहाची दुकानं होती. ते अतिक्रमण ठरलं आणि तीनशेहून अधिक कुटुंबांना हलवलं गेलं. कायद्याच्या दृष्टीने चूक काढता येईल असं मला वाटत नाही. पण विजयनगरच्या काळी जो बाजार होता, तो आमच्या पिढीपर्यंत बाजारच राहिला होता आणि आता तो नाही. संध्याकाळी तिथे बसले असताना मला मामाची माडी आठवत होती.

मग अहमदाबाद. 1411 साली वसवलेलं हे शहर 2017 मध्ये जागतिक वारसा शहर झालं, भारतातलं पहिलं. महापालिकेची तिथली वारसा फेरी 1997 पासून चालू आहे. सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि पोळांमधून वळणं घेत जामा मशिदीपाशी संपते. पोळ म्हणजे एका तोंडाची, दरवाजा असलेली आळी. ओटे, कोरीव लाकडी खांब, पाखरांसाठी उंच खांबावरचा चबुतरा, घराखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. आपल्याकडच्या वाड्यात आयुष्य चौकात, तिथे ते आळीत. फेरी संपल्यावर मी मुद्दाम रायखडला जाऊन गायकवाडांची हवेली बाहेरून पाहिली. अठराव्या शतकात मराठ्यांचं राज्य इथवर होतं आणि त्या सत्तेची वास्तूही या जुन्या शहरात सामावून गेली आहे.

तिथे मी शोधत होते ते वेगळंच. अहमदाबाद महापालिकेने वारसा यादीतल्या खासगी घरांच्या मालकांना टीडीआर देऊ केला आहे. टीडीआर म्हणजे बांधकामाचा हक्क कागदावर उचलून दुसरीकडे नेणं. समजा, तुमच्या जागेवर नियमाने आणखी हजार फूट बांधता आले असते, पण वारसा म्हणून बांधू दिलं नाही. तर त्या हजार फुटांचं प्रमाणपत्र तुम्हाला मिळतं. ते तुम्ही शहराच्या दुसऱ्या भागातल्या बिल्डरला विकता. तो तिथे जास्त बांधतो, तुम्ही आलेल्या पैशातून जुनं घर नीट करता. शहराला जे जपायचं आहे त्याचा खर्च त्या घरातल्या माणसाऐवजी शहराची वाढ उचलते. पोळांमध्ये काही घरं अशी सावरलेली आहेत. काही मात्र कुलूपबंद होती, काहींत गोदामं होती. एका आजोबांनी ओट्यावर बसवून सांगितलं, की मुलं नदीपलीकडे राहायला गेली, आता जिने चढवत नाहीत. टीडीआरला भाव मिळतो तो मागणी असेल तरच. सरकारने तोच जादा एफएसआय, म्हणजे जागेवर जास्त बांधायची मुभा, पैसे घेऊन थेट द्यायला सुरुवात केली, तर बिल्डर प्रमाणपत्र कशाला विकत घेईल?

शनिवारवाड्याभोवतीच्या रहिवाशांचीही टीडीआर मिळावा ही एक मागणी आहे, आणि मला ती रास्त वाटते. फक्त एक गोष्ट मी मामाला तेव्हाच सांगितली: टीडीआर जमिनीच्या मालकाला मिळतो. त्यातला किती पैसा तुळईत जाईल आणि भाडेकरूची खोली शाबूत राहील का, हे वेगळं लिहून घ्यावं लागेल. मामा म्हणाला, "म्हणजे पुन्हा कागदच."

निवेदनावरची माझी सही मी मागे घेतली नाही. शंभर मीटरच्या आत टॉवर नकोत, हे माझं मत अजून तेच आहे. पण त्या मंडळींच्या पुढच्या बैठकीत मी तीन वाक्यं जोडायला सांगितली: आतल्या पट्ट्यात पडलेलं घर त्याच आकारात पुन्हा बांधू द्यावं, दुरुस्तीच्या अर्जासाठी भाडेकरूलाही उभं राहता यावं, आणि बंदीची झळ सोसणाऱ्यांना त्याचा मोबदला मिळावा. पहिल्या वाक्यावर दोन तास वाद झाला. एक ज्येष्ठ वास्तुविशारद म्हणाले, की 'त्याच आकारात' या शब्दांतून लोक काय काय बांधतील याची तुम्हाला कल्पना नाही. त्यांनी उदाहरणं दिली आणि ती खोटी नव्हती. शेवटी वाक्याला जोड मिळाली: घर उभं असतानाच त्याची मोजणी आणि छायाचित्रं नोंदवून ठेवावीत, म्हणजे पडल्यावर आकाराबद्दल भांडण राहणार नाही. मला ही जोड मूळ वाक्यापेक्षा मोलाची वाटली आणि ती विरोध करणाऱ्यानेच दिली होती.

त्याच हिशेबाने गेल्या दिवाळीत आम्ही मामाचा वाडा मोजला. मामेभावाने फीत धरली, मी वहीत लिहीत गेले. खण किती, जोत्याची उंची किती, माडीचं आढं किती वर, चौक केवढा. मालकांचा मुलगा पहिल्यांदाच स्वतःहून आला आणि जुना सनदी नकाशा घेऊन आला. दुरुस्तीच्या अर्जावर त्याने सही करायचं कबूल केलं.

अर्ज एका ओळखीच्या इंजिनिअरने भरून आणला. मामाने चष्मा लावून तो ओळीनं वाचला आणि दुसऱ्या पानावर थांबला. कामाच्या स्वरूपापुढे सवयीने 'माडीचे पुनर्बांधकाम' असं लिहिलेलं होतं. मामाने पेन मागितलं, पण खाडाखोड नको म्हणून आम्ही ते पान पुन्हा टाइप करून घेतलं. नव्या पानावर आहे: 'माडीच्या चार तुळया व कडीपाट यांची दुरुस्ती, उंची व क्षेत्रफळात बदल नाही.' खाली मालकाची सही, तिच्याखाली कायद्यात जागा नसताना मामाने केलेली त्याची स्वतःची सही.